कमान गल्लीचा आडवा मारोती

ताराबाईंनी बाजारात जाणं सोडलं आणि दुर्ग्यांच्या घरात वांग्यांचे हाल सुरू झाले. वांग्यांचे म्हणजे खरं तर देवाजीचे. देवाजी दुर्गे हा पाटबंधारे कचेरीत वरिष्ठ कारकून. कोणत्या कालव्याची फाईल कोणत्या कपाटात कोणाखाली दबली आहे हे तो डोळे मिटून सांगायचा. पण भाजीवाल्यापुढे उभा राहिला की त्याचं अवसान जायचं आणि भाजीवाला देईल ते तो मुकाट्याने पिशवीत घ्यायचा. घरी आल्यावर ताराबाई पिशवी पालथी करत, एकेक वांगं दाबून बघत आणि त्यांचे दोन ढीग लावत. एक खायच्या वांग्यांचा, दुसरा देवाजीने आणलेल्या वांग्यांचा. पहिला ढीग बहुतेक रिकामाच असे.

ताराबाई म्हणजे देवाजीची आई. सत्तरीच्या, काटक, आणि पिंपळकोठ्याच्या भाजीबाजारात तीस वर्षं दरारा राखून असलेल्या. त्यांनी बाजार सोडला त्याला कारण झाली कमान गल्ली. ही गल्ली मोठ्या रस्त्यावरून सरळ भाजीबाजारात उतरते. कमान निजामाच्या काळातच पडली, नाव तेवढं उभं आहे. रुंदी अशी की कापसाची बंडी आणि एक जाडा माणूस समोरासमोर आले तर दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं, आणि बैल मागे जात नाहीत. त्यातून नार्नूरच्या आणि तामसीच्या जीपगाड्या जायच्या, कांद्याच्या लॉऱ्या जायच्या, आणि लुनावाले तर पायांमधूनसुद्धा जायचे. एका गुरुवारी, भर बाजारात, एक जीप मागे आली, तिचं ढुंगण ताराबाईंना लागलं आणि त्या आशाबाईच्या टमाट्यांच्या ढिगावर जाऊन बसल्या.

लागलं काही नाही. पण बाजार हसला.

"लिंबूवाला बी हासला रे," त्या घरी आल्यावर म्हणाल्या. "तीस वर्सं त्याच्यापासून लिंबं घेतली मी. तो बी हासला. जिथं मानसाले पायानं चालता येत नाई तिथं मी कायले जाऊ? आता गाड्या बंद होतीन तवाच मी बाजारात पाय ठेवीन."

हे बोलताना त्यांचा आवाज किंचित कापला. तो देवाजीला सहन झाला नाही. त्याने तिथल्या तिथे ठरवलं की कमान गल्लीत गाड्या बंद करायच्या. त्याची बायको मनकर्णा शाळेत मास्तरीण होती, तिला गोष्टी सोप्या करून सांगायची सवय होती. ती म्हणाली, "त्यापक्षा तुमीच वांगे पारखाले शिका ना. ते लवकर होईन."

बायकोचा सल्ला देवाजीने ऐकला नाही आणि शेजारच्या लक्ष्मणरावांचा ऐकला. लक्ष्मणराव म्हणजे निवृत्त पटवारी. नोकरी जाऊन बारा वर्षं झाली होती, पण दफ्तरी उर्दू त्यांच्या जिभेवरून निवृत्त झाली नव्हती. ते म्हणाले, "अर्जी द्या देवाजी. पन अर्जीत रस्ता बंद करा असं लिहू नका. बंद म्हनलं की सरकार भेते. मुनासिब, म्हंजे योग्य ती, कारवाई व्हावी, असं लिहा. मुनासिबले कोनी नाई म्हनत नाई."

सरकारने मुनासिबला खरंच नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. नगरपालिका म्हणाली, रस्ता आमचा, पण त्यावरच्या गाड्या पोलिसांच्या. पोलीस म्हणाले, गाड्या आमच्या, पण बाजाराचा मामला बाजार कमिटीचा. कमिटी म्हणाली, बाजार आमचा खरा, पण तो गल्ली संपल्यावर सुरू होतो. गाव मराठी बोलणारं, पण राज्य आंध्रचं, म्हणून प्रत्येक ठिकाणी अर्ज तेलुगूत नव्याने लिहून मागत, आणि मनकर्णाच्या शाळेतले तेलुगूचे मास्तर तो लिहून देत. चौथ्या अर्जाच्या वेळी मास्तरांनी विचारलं की ह्या गल्लीत तुमची जमीनबिमीन आहे का. चौदा महिन्यांनी एवढं पक्कं झालं की कमान गल्ली कोणाचीच नाही. जीपगाड्या मात्र तिच्यातून रोज जातच होत्या.

अखेर अर्ज हलला तो एका अंगठ्यामुळे. त्र्याण्णव साली नवे कमिशनर आले. तरुण, उत्साही, गुंटूरकडचे. पहिल्याच दिवशी आपलं गाव पायी बघावं म्हणून ते सँडल घालून कमान गल्लीत शिरले आणि एक लुना त्यांच्या उजव्या अंगठ्यावरून गेली. दुसऱ्या दिवशी कपाटातून देवाजीचा अर्ज निघाला आणि तिसऱ्या दिवशी हुकूम झाला. इंग्रजीत, नऊ कलमांचा. त्याचं मराठी देवाजीनेच करून दिलं, कारण फलक मराठीतही लावायचा होता, आणि करता करता ते त्याला पाठही झालं. त्या आठवड्यात तो अंघोळ करतानाही कलमं म्हणायचा.

फलक चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी तो आशाबाईच्या टमाट्यांवर सावली धरून होता, अक्षरं खालच्या बाजूला. पण कमिशनरांनी गल्लीच्या बाजाराकडच्या रुंद तोंडाशी तीन काळे दगडी खुंटही रोवून घेतले होते, गुडघाभर उंचीचे. मधून माणूस जाईल, जीप जाणार नाही, असं अंतर. आठवडाभरात खुंटांचे उपयोग निघाले. कोणी शेळ्या बांधल्या, कोणी वर बसून दाढी करून घेतली. दिवेलागणीनंतर मात्र काळ्या रस्त्यावरचे काळे दगड दिसेनात. अर्ध्या गावाच्या नडग्या फुटल्या आणि सगळे देवाजीच्या दारात येऊन धोतर, पँट वर करून दाखवू लागले.

"दगडांले रंग मारा," ओव्हरसियर म्हणाला, "पन चुना नाई. मंत्र्याच्या दौऱ्याले पुरा लागून गेला." स्टोअरमध्ये एक डबा तेवढा उरला होता. पाण्याच्या पायपांना गंज चढू नये म्हणून आधी एक हात मारतात तो. शेंदरी.

कोणत्याही माणसाने इथे जरा थांबून विचार केला असता. पण देवाजी कारकून होता, आणि फुकट मिळालेल्या सरकारी सामानाचा रंग बघायची कारकुनाला सवय नसते. शिवाय तो विहारात नेमाने जाणारा माणूस. बावीस प्रतिज्ञा घेतलेला. दगडाला शेंदरी रंग लावला की पुढे काय होतं हा विषय त्याच्या घरातून बापाच्या वेळीच बाहेर पडला होता. त्याने कामासाठी सुट्टीचा दिवस निवडला. महिन्यातला दुसरा शनिवार. कचेरीला सुट्टी असते एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

शनिवारी सकाळी त्याने तिन्ही खुंटांना रंगाचे तीन तीन हात दिले. मधल्या खुंटाला डबा संपवायचा म्हणून पाच. चपलांना रंग लागायला लागला म्हणून त्या काढून बाजूला ठेवल्या. रंग ओला होता, कोणी टेकू नये म्हणून काही तरी बांधायला हवं होतं. आशाबाईने कालची झेंडूची माळ दिली, ती त्याने मधल्या खुंटाला गुंडाळली. तेवढ्यात तामसीकडची एक कापसाची बंडी आली. गाडीवान धोंडीबा खुंटावर पाय देऊन उतरायला लागला, तसा देवाजी कळवळून ओरडला, "नको रे बाप्पा! हात जोडतो तुले, पाय लावू नको!"

आणि त्याने खरोखरच हात जोडले. अनवाणी, शनिवारी, शेंदरी दगडापुढे, झेंडूच्या माळेसकट. धोंडीबाने बघितलं, टोपी काढली, दगडाला नमस्कार केला आणि बंडी मुकाट्याने वळवून लांबच्या रस्त्याने नेली. देवाजीला वाटलं, लोक समजूतदार होत चालले आहेत.

दुपारी जेवून तो परत आला तेव्हा मधल्या खुंटापुढे एक नारळ फुटलेला होता. संध्याकाळी रुईची माळ आली. सोमवारपर्यंत नावही पडलं. गाड्या अडवतो म्हणून आडवा मारोती. बाजूचे दोन खुंट त्याचे दारवान.

"बावीस पाठ हायत ना तुमाले?" मनकर्णाने रात्री जेवताना विचारलं. "त्याच्यात देव करू नये असं एखादं कलम हाय का पाहा."

"मी देव केला नाई. पायपाचा रंग हाय तो."

"मारोतीले सांगा तसं."

खरी मेख अशी की काम फत्ते झालं होतं. कमिशनरला न जुमानणारे जीपवाले मारोतीपुढे गपकन थांबत. लुनावाले खाली उतरून, लुना भिंतीला लावून, पायी जात. देवाजी मान खाली घालून तिथून जायचा. मनातून त्याला लाज वाटायची आणि मनातूनच आनंद व्हायचा, आणि दोन्हींपैकी कोणती गोष्ट जास्त आहे हे त्याने तपासायचं टाळलं. पंधरा दिवसांनी तो आईला म्हणाला, "माय, गल्लीत गाड्या बंद झाल्या. या गुरुवारी चाल."

ताराबाईंनी ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं. पिशवी धुतली. गुरुवारी त्या दारात उभ्या राहिल्या तर समोरून आशाबाई आली, म्हणाली, "आज नका येऊ मावशी. आडव्या मारोतीपुढं जीप उभी हाय. नवीन."

झालं होतं असं की आडत दुकानाच्या पांडुरंगरावांनी नवी जीप घेतली होती, आणि जो देव गाड्या अडवतो तोच गाडीवरचं संकट अडवणार, असा त्यांनी सरळ हिशेब केला. पूजा झाली. त्यानंतर महिनाभरात त्यांच्या जीपला ओरखडाही उठला नाही, आणि ही गोष्ट लक्ष्मणरावांनी एकट्याने तालुकाभर नेली. "आपल्या देवाजीले सपनात आला होता," ते सांगायचे. देवाजीने जाब विचारला तर म्हणाले, "तुमच्याच इज्जतीसाठी सांगून राह्यलो बाप्पा. दगडाले रंग मारला म्हनून सांगू का लोकायले?"

मग मुधोळहून ट्रॅक्टर आले. नार्नूरहून लॉरी आली. शनिवारी रांग लागायला लागली. लोकांनी कमिटी केली, आणि कमिटीने पहिला ठराव केला की नव्या गाडीला देवाभोवती प्रदक्षिणा घालता आली पाहिजे, आणि त्यात बाजूचे दोन खुंट आडवे येतात. नगरपालिकेने ते दोन दिवसांत काढले. एवढ्या तातडीने त्या कचेरीत काही झाल्याचं देवाजीला आठवत नव्हतं. आता गाड्या गल्लीत शिरायच्या, मारोतीला वळसा घालायच्या आणि बाहेर पडायच्या. पूर्वी गल्लीतून जायच्या तेवढ्या गाड्या आता नुसत्या फिरायला यायच्या.

देवाजी कमिशनरांकडे धावला. कमिशनरांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग त्याला खिडकीतून आपली नवी स्कूटर दाखवली. तिच्या हँडलला रुईची माळ होती.

हिरवं लुगडं परत ट्रंकेत गेलं. पूर्वी ताराबाई निदान वांग्यांचे ढीग लावायच्या. आता देवाजी आणेल ते मुकाट्याने चिरायला लागल्या. किडकं निघालं तरी नुसतं बाजूला सारत. एकदा त्यांनी एक लिंबू हातात धरून बराच वेळ बघितलं आणि परत पिशवीत टाकलं. त्या दिवशी देवाजी न जेवता उठला.

त्यात विहारातून बोलावणं आलं. विहाराचे सचिव अमृतराव हे कोर्टात हेडक्लार्क. शब्द तोलून बोलायचे.

"दुर्गे, तुमी देव उभा केला म्हनतात."

"मी गोटे रंगवले, अमृतराव. सरकारी रंगानं."

"असन. पन लोकं तुमाले पहिला भक्त म्हनून राह्यले. कमिटी शाल देनार हाय म्हने. दसऱ्याले आपला धम्मदिन हाय, माईक तुमच्याकडं हाय. आदल्या दिवशी, खंडेनवमीले, तिथं भर गर्दीत जा आन् खरं काय ते सांगा. मी ऐकाले येतो. नाई सांगितलं तं माईक दुसऱ्याकडं देतो."

देवाजीला हे पटलं. नाही तरी त्याच्या मनात तेच होतं. देव गेला की गर्दी जाईल, मग परत अर्ज करता येईल, मुनासिब वगैरे. मग आणखी चौदा महिने. आई तेव्हा किती वर्षांची असेल हे त्याने मोजलं नाही.

त्या वर्षी खंडेनवमी नेमकी शनिवारी आली. तालुक्यात जे जे चाक होतं ते कमान गल्लीत आलं. जीपगाड्या, ट्रॅक्टर, लॉऱ्या, फटफट्या, पिठाच्या गिरणीवाल्याची हातगाडीसुद्धा. प्रत्येकाला पुढे जायचं होतं आणि पूजा झाल्याशिवाय मागे कोणीच सरणार नव्हतं, कारण देवाच्या दारातून पूजेवाचून गाडी परत नेणं म्हणजे संकट बोलावणं. ज्यांची पूजा झाली ते बाहेर पडू शकत नव्हते, ज्यांची व्हायची होती ते आत येऊ शकत नव्हते. दहा वाजेपर्यंत सगळं गच्च झालं. हॉर्न वाजवून वाजवून माणसं कंटाळली, एकेक इंजिन बंद झालं, आणि अकराच्या सुमाराला कमान गल्ली अशी शांत झाली की बाजारातलं तराजूचं पारडं टेकलेलं ऐकू यावं.

देवाजी लॉऱ्यांच्या बाजूने अंग चोरत मारोतीपाशी पोचला. हातात पुरावा म्हणून रंगाचा रिकामा डबा होता. समोरच्या ओट्यावर अमृतराव घड्याळ बघत उभे होते. देवाजी मारोतीपुढच्या पूजेच्या पाटावर चढला, घसा साफ केला. "ऐका हो मंडळी," तो म्हणाला. सगळे वळले.

आणि त्याला आई दिसली.

ताराबाई हिरवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन, माळा घातलेल्या जीपगाड्यांच्या मधून सावकाश चालत येत होत्या. घरात बसून त्यांनी शांतता ऐकली होती. हॉर्न नाही, फटफट नाही. पोराने म्हटल्याप्रमाणे गाड्या बंद केल्या असा त्यांनी अर्थ लावला आणि कोणालाही न विचारता निघाल्या. एका उभ्या लॉरीच्या बंपरवर त्यांनी टेकायला हात ठेवला, क्षणभर श्वास घेतला, आणि पुढे जाऊन वांग्यांच्या ढिगापाशी बसल्या. पहिलं वांगं दाबलं. भाजीवाला अदबीने पुढे सरकला.

तेवढ्यात मागच्या बाजूला एका जीपवाल्याने जागा हेरली आणि इंजिन चालू केलं. ताराबाईंचे खांदे आकसले. हातातलं वांगं खाली पडलं.

"बंद कर!" देवाजी असा ओरडला की त्याचा त्यालाच आवाज ओळखू आला नाही. "कोनी गाडी हालवू नका! आरती व्हायची हाय!"

इंजिन बंद झालं. अमृतरावांच्या भुवया कपाळाच्या वर गेल्या. लोकांनी टोप्या नीट केल्या, लक्ष्मणरावांनी कुठून तरी घंटा पैदा केली, आणि पांडुरंगराव हात जोडून म्हणाले, "म्हना महाराज, तुमीच म्हना."

देवाजीला आरती येत नव्हती. एकही नाही. त्याने डोळे मिटले, आणि अंघोळीच्या सवयीने तोंडातून जे आलं ते चालीवर बाहेर पडलं: "कलम पहिलं, कमान गल्लीतून, कोण्याही वाहनास, जाता येणार नाही..."

"नाही हो नाही!" गर्दीने टाळ्यांवर ठेका धरला.

"कलम दुसरं, जीप, लॉरी, ट्रॅक्टर, लुना, बैलबंडी, आणि तत्सम सारी..." इथे तर लोकांना भरून आलं. आपल्या गाडीचं नाव आलं की मालक पुढे वाकून नमस्कार करी. लुनावाल्याने डोळे पुसले. "हुकूम मोडील त्यावर, मुनासिब कारवाई" या ओळीला लक्ष्मणरावांनी अशी घंटा घुमवली की दोन शेळ्या सुटल्या.

नऊ कलमं संपली. देवाजीने एक डोळा उघडून बघितलं. आई लिंबूवाल्यापाशी पोचली होती, आणि लिंबूवाला उभा राहून त्यांना पाट देत होता. आता थांबून चालणार नव्हतं. देवाजीने डोळा मिटला आणि हुकुमाच्या तळाची, कोणाकोणाला प्रत रवाना, ती सगळी यादी संथ चालीत घेतली.

आरती संपल्यावर अमृतराव जवळ आले. हेडक्लार्क माणूस, त्यांनी पहिल्या कलमालाच कागद ओळखला होता. त्यांचा चेहरा गंभीर होता, पण मिशी हलत होती. "दुर्गे," ते हळूच म्हणाले, "मी कान देऊन ऐकलं. ह्याच्यात देवाचं एक बी नाव नाई. कशावर आक्षेप घेऊ? उद्या वेळेवर या, माईक तुमच्याचकडं हाय."

संध्याकाळी ताराबाईंनी पिशवी पालथी केली. वांग्यांचा ढीग एकच झाला. "साऱ्या बाजाराले सांगून आली मी," त्या म्हणाल्या, "माह्या पोरानं बंद केला रस्ता. लिंबूवाला तं उठून उभा राह्यला." मग वांगी निवडता निवडता जरा थांबून म्हणाल्या, "पन लई घाईत आटोपलं तू. माहं बांगड्याचं राह्यलं."

पुढच्या शनिवारी देवाजी अकरा वाजता पाटावर चढला तेव्हा हुकुमात दहावं आणि अकरावं कलम वाढलेलं होतं. ती दोन कलमं कोणत्याही सरकारने मंजूर केलेली नाहीत. ताराबाईंना बांगडीवाल्याकडे जेवढा वेळ लागतो, त्या मापाची ती आहेत.